डंकावरचे हेडफोन

भुईगावात सॅन्टनचा डंक सुरू झाला, की गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा शिंकतात. खोटं वाटत असेल त्यानं एप्रिल महिन्यात एकदा येऊन बघावं. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळी, वर लोखंडी मुसळं, बाजूला मोटर आणि तिचा लांबलचक पट्टा. बटण दाबलं की मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि दाणदाण खाली येतात. माणसानं शेजारी बसायचं आणि मुसळ वर गेलं की तेवढ्यात हात घालून मिरची खालीवर करायची. हात वेळेत बाहेर आला तर मसाला, नाही आला तर बोटं. सॅन्टनची सगळी बोटं अजून जागच्या जागी आहेत, हेच त्याच्या कामाचं सर्टिफिकेट.

हा डंक बसवला सॅन्टनच्या बापानं. तेव्हा फादरांना आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. बापाला वाटलं, रिकाम्या यंत्राला कसला आशीर्वाद, म्हणून त्यानं मूठमूठ मिरची टाकून डंक चालूच करून ठेवला. फादरांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला आणि त्यांना जी शिंक आली, तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. अर्धी प्रार्थना आत झाली, उरलेली अर्धी त्यांनी रस्त्यावर उभं राहून, नाकाला रुमाल लावून पुरी केली. गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात, त्या अर्ध्या आशीर्वादावरच डंक एवढी वर्षं चाललाय, पुरा मिळाला असता तर सॅन्टनचा बंगला झाला असता!

सॅन्टन आणि हिल्डा यांना मूल उशिरा झालं. एकच मुलगा, जेसन. हिल्डा तेव्हा नवऱ्याबरोबर डंकावर बसायची, मिरचीची देठं खुडायची. मागच्या खोलीत पोराचा पाळणा टांगलेला. लोक म्हणायचे, अगं, या धडधडीत पोर झोपेल कसं? तर गंमत अशी, की डंक चालू असला की जेसन ढाराढूर झोपायचा आणि लाइट गेली, डंक थांबला, की दचकून उठून रडायला लागायचा. मग हिल्डा पाळण्याच्या काठावर दोन बोटांनी ठोकत राहायची. लाइट येईपर्यंत तीच त्याचा डंक.

असं पोर पुढं काय होणार? ड्रम वाजवणारं झालं. आधी तेलाच्या डब्यांवर, मग चर्चच्या सणाला बँडवाल्यांच्या मागं मागं आणि कॉलेजात गेल्यावर खरोखरीच्या ड्रमवर. त्याची एक टोळी होती. गिटारवर सॅमी, गायला क्लेमेंट आणि मागं बसून वाजवायला जेसन. बोळिंजला एका इमारतीच्या तळघरात त्यांनी खोली घेतली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथं ते हेवी मेटल नावाचं संगीत वाजवायचे. हे संगीत ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. गाणारा गातो की भांडतो, असा प्रश्न पडतो. जेसन आठवडाभर वसईला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायचा आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की बोळिंजला पळायचा.

“पप्पा, एकदा या ना ऐकायला,” तो म्हणायचा.

“अरे, दिवसभर दाणदाण ऐकतो मी,” सॅन्टन म्हणायचा, “रविवारी तरी कान सुटू दे माजे!”

दोघंही हसायचे. आणि ते राहिलंच. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला जेसनला ताप आला. साधाच वाटला. आठवडाही गेला नाही आणि पोर गेलं. सव्विसाव्या वर्षी.

आता आपल्याकडे घरात असं झालं की वर्षभर दुखवटा पाळतात. घरात गाणं नाही, वाजंत्री नाही, लग्नाकार्याला गेलं तरी बँड सुरू व्हायच्या आत माघारी यायचं. हिल्डानं तर टीव्हीवर पांढरी चादरच टाकली. रेडिओची बॅटरी काढून ठेवली. शेजारची लुईझा जिभेनं कितीही तिखट असली तरी तिनंही आपल्या मुलीच्या, एलिनाच्या वाढदिवसाला स्पीकर लावला नाही. आख्खी गल्ली आवाज दाबून राहिली. दुखवटा म्हणजे मेलेल्याचा मान, असं सगळे मानतात. सॅन्टनही मानायचा.

जेसनला जाऊन महिना झाला, तेव्हाच्या मिस्सेला सॅमी आला होता. कबरीवर फुलं ठेवून झाल्यावर तो सॅन्टनजवळ घुटमळला. म्हणाला, “काका, आमचं एक रेकॉर्डिंग आहे. जेसनचा शेवटचा टेक. बघा, ऐकावंसं वाटलं तर.” आणि तिथंच फाटकाबाहेर त्यानं फोन सॅन्टनच्या कानाशी धरला. जेमतेम एक ओळ झाली असेल. समोरून हिल्डा आली आणि सॅमीनं घाबरून फोन खिशात टाकला.

पण तेवढ्यात सॅन्टननं ऐकायचं ते ऐकलं होतं. गिटारीच्या आणि त्या ओरडण्याच्या मागं कोणीतरी पाय रोवून बसलं होतं आणि ठोके देत होतं. ते त्याचं पोर होतं. जिवंत असताना एकदाही ऐकलं नाही, ते. त्या दिवसापासून सॅन्टनच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. पोराचं वाजवणं एकदा पुरं ऐकायचं. नीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे कोणी न येता.

ऐकायचं कुठं? घरात दुखवटा. जी रीत पोराच्या मानासाठी, तीच पोराच्या आड आली! हिल्डाला विचारायची त्याची छाती झाली नाही. असेच महिने गेले आणि एप्रिलच्या तोंडाला त्यानं स्वतःशीच एक तोड काढली. दुखवटा घराचा. डंक काही घर नव्हे. डंकावर ऐकलं तर काय बिघडलं?

बिघडलं एवढंच, की डंकावर काही ऐकूच येईना. सॅमीकडून गाणं फोनात घेतलं, पण फोनचा स्पीकर म्हणजे त्या धडधडीत डासाची गुणगुण. मग त्यानं सॅमीकडून बारकी, कानात खुपसायची बोंडं आणली. मिरचीच्या हातानं ती कानात सरकवली आणि पुढच्या घटकेला सॅन्टन अंगणात! उजवा कान पेटलेला. नळाखाली डोकं धरून बसला होता. कोणी विचारलं तर म्हणाला, कानात मुंगी गेली.

सॅमी दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कान टोमॅटोसारखा लाल. “काका, तुम्हाला नॉइज कॅन्सलिंग पाहिजे,” तो म्हणाला, “बाहेरचा आवाज खाऊन टाकतो. चला, विरारला जाऊ.”

दुकान काचेचं, थंडगार. काउंटरवर प्रीतल नावाची मुलगी होती. तिनं आधी सॅमीकडं बघितलं. “तुझ्यासाठी?”

“काकांसाठी.”

“अरे वा! अंकल, काय ऐकता? जुनी गाणी? की भजनं?”

“हेवी मेटल,” सॅन्टन म्हणाला.

प्रीतलनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निसटलं. “सॉरी हां अंकल. माझे पप्पा ना, घरात ते लावलं की झाडू घेऊन येतात. तुम्ही भारीच आहात! कुठं ऐकणार? ट्रेनमध्ये?”

“कामावर. मसाल्याचा डंक हाय माजा.”

मग मात्र ती कामाला लागली. कानात जायची सगळी बोंडं तिनं बाजूला सारली, कारण सॅन्टननं कानाची हकीगत सांगितली आणि ती ऐकून तिचाच हात आपल्या कानाकडे गेला. कानावर टेकणारी आणली, ती घामानं घसरली असती. वायरवाली सुंदर होती, पण सॅन्टन म्हणाला, “वायर पट्ट्यात गेली तर वायरीसंगं मुंडीबी जाईल.” एक भारीतली जोडी होती, तिला बटणच नाही, नुसतं बोट फिरवायचं. “माज्या बोटावर मसाल्याचा थर,” सॅन्टन म्हणाला, “तिला बोट कळायचं नाय.” शेवटी उरली एक काळी, सबंध कान झाकणारी, गुबगुबीत उशीची, बिनवायरची आणि चांगली टपोरी बटणं असलेली जोडी. उशीवर घालायला धुता येणाऱ्या कापडी खोळीही मिळत होत्या.

“हिच्यात बेस जबरदस्त आहे अंकल. छातीत धमधम होतं.”

“धमधम माज्याकडं हाय घरची,” सॅन्टन म्हणाला. “मला फक्त मागचा वाजवणारा पायजे. तो वेगळा काढून ऐकू येतो का?”

प्रीतलला ते नवीनच होतं. तिनं विचारलं, “कोणी खास आहे का?”

सॅमीनं जमिनीकडे बघितलं. सॅन्टन म्हणाला, “माजा मुलगा वाजवतो.” वाजवायचा म्हणाला नाही. प्रीतलही आनंदून म्हणाली, “हो? मस्त! मग त्यालाच आणायचं ना चॉइस करायला!”

सॅन्टननं हेडफोन डोक्यावर चढवले. प्रीतलनं दुकानाचं दार उघडून त्याला रस्त्याच्या तोंडाशी उभं केलं, आणि बटण दाबलं. रिक्षा धावत होत्या पण घरघर नव्हती, बस आली ती मुकीच आली. प्रीतल ओठ हलवून काहीतरी समजावत होती, की पंखा, मोटर, इंजिन असले सलग आवाज जातात, ठोका मात्र पुरता जात नाही. सॅन्टननं यातलं काहीच ऐकलं नाही. कसं ऐकणार? हेडफोन डोक्यावर होते ना! त्यानं मान डोलावली आणि हीच जोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिला घाणा लावला आणि सॅन्टननं जेसनचं गाणं सुरू केलं. मोटर गेली, पट्ट्याची फटफट गेली. जणू कोणी डंकावर गोधडी टाकली. पण मुसळं राहिली. मऊ झाली, लांब गेली, तरी राहिली. आणि त्यांच्या ठोक्यांत पोराचे ठोके असे मिसळले, की जेसन कुठला नि लोखंड कुठलं, सॅन्टनला उमगेना. आलाय असं वाटायचं, तोवर ते मुसळच निघायचं. त्यानं गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग तो डंक बंद करून ऐकायला लागला, तेव्हा कुठं पोर वेगळं सापडायचं. मिरची अर्धी कुटलेली, उखळीत तशीच, आणि हा स्टुलावर डोळे मिटून बसलेला. गाणं संपलं की परत बटण. आता एप्रिलचा महिना म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा महिना. नंदाखालपासून आगाशीपर्यंतच्या बायका वाळवलेल्या मिरचीच्या पिशव्या घेऊन रांगेत. ऊन डोक्यावर. पहिल्या दिवशी वाटलं लाइट गेली, दुसऱ्या दिवशी कोणीतरी आत डोकावलं.

डोकावली ती लुईझाच. तिला दिसला तो सॅन्टन. डोक्यावर काळं यंत्र, डोळे मिटलेले आणि मान खालीवर, खालीवर, ठोक्याला. ते संगीतच तसं आहे, मान आपोआप हलते. पण लुईझाला ते कोण सांगणार?

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिनं हिल्डाला गाठलं. “हिल्डा, मी बोलत नाय, पन डोळ्यांनी बघितलं म्हनून बोलते. आमी पोरीच्या बड्डेला स्पीकर लावला नाय. आन् बाप तकडे डंक बंद ठेवून गानी ऐकतो. वर नाचतो मानेनं!”

हिल्डा पायऱ्या उतरून चालायला लागली. घरी आली, जेवण वाढलं, भांडी घासली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. सॅन्टनला वाटलं, डोकं दुखत असेल.

सोमवारी दुपारी ती डंकावर आली. डबा घेऊन कोणी आलं की सॅन्टनला पट्ट्याच्या आवाजातही चाहूल लागायची. आज कान झाकलेले. बायका जेवायला गेल्या होत्या, डंक बंद होता, आणि हा स्टुलावर. हिल्डा त्याच्यापुढं उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. त्यानं डोळे उघडले तेव्हा ती होती.

त्यानं हेडफोन असे ओढून काढले, की एक उशी निसटून मिरचीत पडली.

“काडू नका,” हिल्डा म्हणाली. “नाचा. गावानं बघितलंच हाय. मीच तेवढी राहिले होते.”

“हिल्डा, ऐक...”

“काय ऐकू? वरीस सरायचं होतं. पाच म्हैने उरलेत नुसते. तेवढं नाय धरवलं? आन् माज्यापासून लपवून?”

“तो जेसन हाय,” सॅन्टन म्हणाला.

हिल्डाचा हात डब्यावर होता, तो तिथंच राहिला.

“यात जेसन हाय. सॅमीनं दिलंय. आपलं पोर वाजवतंय. मी कदी गेलो नाय ऐकायला, म्हनून...” त्यानं पडलेली उशी उचलली, शर्टाला पुसली, पालथ्या हातानं घासली, आणि बसवली. “घरात तू लावू देनार नाय, म्हनून हितं.”

हिल्डा डबा खाली ठेवून म्हणाली, “मला लावा.”

त्यानं तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले, केस बाजूला सारून, जपून, जसा लग्नात तिच्या डोक्यावरचा पांढरा जाळीचा वेल सावरला होता तसा. बटण दाबलं. हिल्डाचा चेहरा आधी दचकला. मग ती मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ओरडून म्हणाली, “हा कोन रडतो?”

सॅन्टननं एक कान उचलला. “तो क्लेमेंट. गातो.”

“आन् माजा पोर?”

“मागं. गिटारीच्या मागं. ठोके ऐक.”

तिनं डोळे मिटले. सॅन्टनला आता काही ऐकू येत नव्हतं, पण गाणं त्याला पाठ झालं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि अंगठ्यानं त्यावर ठोके द्यायला लागला, हा बघ, आता हा, आता इथं तो थांबतो, आता पुन्हा. काही ठिकाणी त्याचा अंगठा पुढं जात असेल, काही ठिकाणी मागं पडत असेल. हिल्डा कपाळाला आठ्या घालून शोधत होती. माणूस गर्दीत आपलं लेकरू शोधतो तशी.

गाणं संपलं. “परत लावा,” ती म्हणाली. त्यानं परत लावलं. तेही संपलं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“मला नाय मिळत तो,” ती म्हणाली. “सगळं सारकंच लागतं.”

“एकदा आनखी...”

“तुमाला मिळतो?”

तिला बरं वाटावं म्हणून सॅन्टनला ‘नाही’ असं खोटं बोलता आलं असतं. “मिळतो,” तो म्हणाला.

हिल्डानं मान हलवली, आणि मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, नुसतं पाणी. “मला घरात मिळतो,” ती म्हणाली. “कुनी काय लावलं नाय, भांडं वाजलं नाय, की मिळतो. पलंगाच्या काठावर बोटांनी टकटक करायचा ना, आब्यास करताना? मी वरडायची, बोटं मोडीन म्हनून. ते येतं ऐकू. म्हनून रेडिओ काडून ठेवला. लोकांसाठी नाय ठेवला. लोक गेले खड्ड्यात.”

इतके महिने सॅन्टनला वाटत होतं, ही रीत पाळते. एका छपराखाली राहून, एका ताटात जेवून, त्याला ठाऊक नव्हतं की ती संध्याकाळभर त्या मुक्या घरात बसून काय ऐकते.

“मीबी बसू तुज्यासंगं?” त्यानं विचारलं.

“बसा. पन तुमाला नाय यायचं ऐकू,” हिल्डा म्हणाली. रागानं नाही. जसं आहे तसं म्हणाली.

तो बसलाही, त्या संध्याकाळी. जेसन काही ऐकू आला नाही. नारळाच्या झावळ्यांचा आवाज आला, लुईझाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, आणि हिल्डा पलंगाकडे तोंड करून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता येतंय. तो हळूच उठून बाहेर गेला. तिच्या गाण्यात मधे नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आली आणि पदर खोचून सॅन्टनच्या जागेवर बसली. “व्हा मागं,” म्हणाली. “डंक बंद ठेवू नका, बायका उन्हात मरतात. मी बघते घाणा.”

“तुला आवाज...”

“एका गान्यापुरता आवाज. तेवढ्यानं काय मरत नाय मी. जावा.”

सॅन्टन मागच्या अंगणात फणसाखाली गेला. तिथवर मुसळं पोचत होती, पण भिंत मधे, वर ती काळी गुबगुबीत उशी. आतून त्यांचा नुसता हादरा पायाला लागत होता. कानात जेसन स्वच्छ होता. सुरुवातीला कोणीतरी काड्या एकमेकींवर आपटून ठेका सांगतं, तिथपासून.

आत हिल्डा मिरची खालीवर करत होती. किती वर्षांनी बसली होती, पण हात विसरला नव्हता. मुसळ वर की हात आत, मुसळ खाली की हात बाहेर. मिरचीनं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि डंकावर ती एक बरी सोय असते, कोणी काही विचारत नाही.

लुईझा पिशवी घेऊन दारात आली. आत बाईमाणूस बघून चपापली. मग चढ्या आवाजात म्हणाली, “हिल्डा, तू? सॅन्टन कुटं गेला?”

“मागं हाय,” हिल्डानं मुसळावरची नजर न काढता सांगितलं. “पोराकडं गेलाय. थांब जराशी, येईल.”

लुईझानं मागच्या दाराकडे बघितलं. फणसाखाली पाठमोरा सॅन्टन बसला होता, मान खालीवर करत. मग तिनं पिशवी भिंतीशी टेकवली, आणि हिल्डाच्या शेजारी बसून देठं खुडायला घेतली.